अवघड इंग्रजी शब्द कायमचे कसे लक्षात ठेवायचे: आधी नेमकी व्याख्या, मग आठवणीची खूण

‘लॅकॉनिक’, ‘टॅसिटर्न’ आणि ‘रेटिसंट’ हे तीन शब्द कुठल्याही तयार शब्दयादीत शोधा. तिन्हींसमोर बहुधा एकच मराठी अर्थ दिलेला असतो: अबोल किंवा मितभाषी. तो पाठ केला की तिन्ही शब्द आले असं वाटतं. खरी पंचाईत लिहिताना होते, कारण कुठला शब्द कुठे बसतो हे त्या यादीने सांगितलेलंच नसतं.

लॅकॉनिक हे बोलण्याच्या किंवा लिहिण्याच्या पद्धतीचं वर्णन आहे. शब्द मोजके, पण नेमके आणि बऱ्याचदा ठसकेदार. एखादं उत्तर लॅकॉनिक असतं, एखादा ईमेलही असतो. टॅसिटर्न हा माणसाचा स्वभाव. असा माणूस मुळातच कमी बोलतो, लोकांना तो घुमा वाटतो. रेटिसंटची गोष्ट आणखी वेगळी. एरवी भरभरून बोलणारा माणूसही स्वतःच्या आजारपणाबद्दल किंवा पगाराबद्दल रेटिसंट असू शकतो. तो विषय निघाला की हातचं राखून बोलतो. म्हणजे एक शैली, एक स्वभाव आणि एक विशिष्ट विषयापुरता संकोच. ‘अबोल’ या एका शब्दात हे तिन्ही कोंबले की तिन्हींची धार जाते.

म्हणून या लेखात मी जी पद्धत सांगणार आहे तिचा क्रम ठरलेला आहे. आधी व्याख्या नेमकी करायची, मग तिच्याभोवती आठवणीची खूण बांधायची. बहुतेक जण उलटं करतात. गमतीशीर युक्ती आधी पाठ होते आणि अर्थ धूसरच राहतो. मग शब्द आठवतो, पण वापरता येत नाही.

कुठले शब्द घ्यायचे

मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी अशा सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यापुढची एक महत्त्वाची यादी अॅव्हरिल कॉक्सहेड यांची. 2000 साली आलेल्या त्या यादीत अभ्यासविषयक लिखाणात वारंवार येणारी 570 शब्दकुटुंबं आहेत. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं. या दोन याद्यांमधले शब्द अजून अडत असतील तर आधी ते पक्के करा. ‘पुसिलॅनिमस’ (भेकड) येतो पण ‘सब्सिक्वंट’ (नंतरचा) अडखळवतो, अशी अवस्था वाचनात फार नडते.

पॉल नेशन या भाषातज्ज्ञांनी 2006 मध्ये मांडलेला एक अंदाज लक्षात ठेवण्यासारखा आहे. कादंबरी किंवा वर्तमानपत्र बाहेरच्या मदतीशिवाय वाचायचं, म्हणजे त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, तर साधारण 8000 ते 9000 शब्दकुटुंबं यायला लागतात. आकडा मोठा आहे, पण हिशेब करून पाहा. आठवड्यातून सहा दिवस रोज पाच शब्द घेतले तर वर्षाकाठी 1500 च्या वर होतात. रोज पन्नास शब्दांचा संकल्प आठवडाभरात मोडतो, पाचाचा टिकतो.

शब्द निवडताना माझा आग्रह एकच आहे: तुम्ही स्वतः जे वाचता त्यातून घ्या. वाचताना अडलेला शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा आणि तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य वहीत उतरवा. परीक्षेसाठी यादी करायचीच असेल तर करा, पण यादीतल्या प्रत्येक शब्दाला एक खरं वाक्य शोधून द्या. वाक्याशिवाय आलेला शब्द फार दिवस टिकत नाही.

व्याख्या स्वतः लिहायची

यासाठी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश हवा. सामान्य कोशात अवघड शब्दाचा अर्थ आणखी अवघड शब्दांत दिलेला असतो. ही अडचण ओळखूनच 1978 च्या लाँगमन शब्दकोशात सगळ्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांच्या मर्यादेत लिहिल्या गेल्या. 1987 मध्ये आलेल्या कॉलिन्स कोबिल्डने व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली. त्यामुळे अर्थासोबत शब्द वाक्यात कसा बसतो हेही कळतं. ऑक्सफर्डचा अॅडव्हान्स्ड लर्नर्स कोशही याच परंपरेतला. तिन्हींपैकी कुठलाही एक पुरे. तो इंटरनेटवरही पाहता येतो.

कोशातली व्याख्या वाचा, कोश बंद करा आणि मग तुमच्या शब्दांत लिहा. मराठीत लिहिली तरी चालेल, पण एका प्रतिशब्दावर थांबू नका. चार गोष्टी यायला हव्यात: शब्द कशाला लागतो (माणसाला, कृतीला की वस्तूला), त्याच्या जवळच्या शब्दापेक्षा तो कुठे वेगळा पडतो, तो कौतुकाचा आहे की टीकेचा, आणि त्याच्या सोबत नेहमी कोण येतं.

उदाहरणार्थ ‘फ्रूगल’ आणि ‘पार्सिमोनिअस’. दोन्ही पैसे जपून वापरण्याबद्दल आहेत. पण फ्रूगल म्हणजे काटकसरी, तो दोष नाही. पार्सिमोनिअस म्हणजे कंजूष, त्यात नापसंती आहे. नोकरीच्या मुलाखतीत कुणाची स्तुती करताना दुसरा शब्द वापरला तर स्तुतीचा अपमान होईल. वहीत प्रत्येक शब्दापुढे अधिक, उणे किंवा शून्य असं चिन्ह टाकायची सवय लावा. एवढ्याशा चिन्हाने अशा बऱ्याच चुका वाचतात.

उच्चार आत्ताच, नंतर नाही

वाचून शिकलेल्या शब्दांचा उच्चार डोक्यात चुकीचा बसतो आणि मग निघत नाही. ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’, ‘इपिटमी’ला ‘एपिटोम’ म्हणणारे चांगले शिकलेले लोक खूप आहेत. कोशातल्या ध्वनिचिन्हावर टिचकी मारून दोनदा ऐका, दोनदा मोठ्याने म्हणा. आघात, म्हणजे बोलताना दिलेला जोर, कुठल्या अक्षरावर आहे ते अधोरेखित करा, कारण देवनागरीत लिहिलेल्या उच्चारात आघात दिसत नाही आणि इंग्रजी ऐकणारा माणूस शब्द बराचसा आघातावरूनच ओळखतो. शिवाय पुढची पायरी उच्चारावरच उभी आहे, हे लवकरच दिसेल.

खूण: मुळाची

आठवणीच्या खुणा तीन प्रकारच्या असतात. त्यातली पहिली आणि सर्वांत टिकाऊ म्हणजे शब्दाचं मूळ. इथे मराठी माणसाच्या हाती मोठं भांडवल आहे, पण ते फारसं कुणी वापरत नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून आल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात मांडलं होतं. इंग्रजीतले बहुतेक भारदस्त शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले. म्हणजे त्यांचे दूरचे भाऊबंद आपण रोज बोलतो.

‘अग्नॉस्टिक’ घ्या. सुरुवातीचा ‘अ’ नकाराचा, आपल्या ‘अज्ञात’मधला. त्यापुढचा ‘ग्नॉ’ म्हणजे आपला ‘ज्ञा’. देव आहे की नाही हे जाणता येत नाही असं मानणारा तो अग्नॉस्टिक, आणि मराठीत त्याला अज्ञेयवादी म्हणतात. दोन्ही शब्दांची घडण अगदी एकसारखी. ‘कॉग्निशन’मध्येही हाच ‘ग्न’ आहे. ‘नॉव्हिस’मध्ये ‘नव’ आहे, म्हणून तो नवशिका. ‘मॉर्टल’मध्ये ‘मृत’ आहे, ‘इग्नाइट’मध्ये ‘अग्नी’. ‘व्होसिफरस’ आणि ‘इक्विव्होकल’मध्ये ‘वाक्’ म्हणजे वाणी आहे. पहिला म्हणजे तावातावाने आवाज चढवणारा, दुसरा म्हणजे दोन अर्थ सारख्याच जोराने निघतील असं संदिग्ध बोलणं.

मला सर्वांत आवडणारं कुटुंब ‘अॅनिमस’चं. लॅटिनमध्ये अॅनिमस म्हणजे मन, वृत्ती. त्याचं नातं श्वास घेणं या अर्थाच्या संस्कृत ‘अन्’ धातूशी, म्हणजे आपल्या ‘प्राण’ आणि ‘अनिल’शी आहे. आता पुढे जोडत जा. ‘मॅग्न’ म्हणजे महा, म्हणून ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे मोठ्या मनाचा, विशेषतः हरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी उदारपणे वागणारा. ‘पुसिलस’ म्हणजे अगदी लहान, म्हणून ‘पुसिलॅनिमस’ म्हणजे मन एवढंसं झालेला, भेकड. ‘युनॅनिमस’ म्हणजे सगळ्यांचं एकच मन, एकमताने. ‘इक्वॅनिमिटी’ म्हणजे सम मन, संकटातही न ढळणारी समचित्तता. एक मूळ कळलं आणि चार शब्द हाती आले, तेही एकमेकांना धरून. असं कुटुंब सापडलं की त्याला वहीत पूर्ण पान द्या.

‘सिक्वेल’, ‘कॉन्सिक्युटिव्ह’ आणि ‘ऑब्सीक्विअस’ यांतला ‘सिक्व’ मागोमाग जाण्याचा. संस्कृतात त्याचा भाऊ ‘सच्’ धातू, म्हणजे सोबत राहणं, मागे असणं. ‘सचिव’ त्यातूनच आला. सोबत राहणारा सचिव, आणि मागेमागे करत लाळ घोटणारा ऑब्सीक्विअस.

मात्र मुळांच्या नादात फसगतही होते. ‘एनर्व्हेट’ ऐकून ‘एनर्जी’ आठवते आणि अर्थ उत्साह देणं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो गलितगात्र करणं असा आहे. ‘नॉइसम’चा आवाजाशी काही संबंध नाही. त्याचं नातं ‘अॅनॉय’शी, आणि अर्थ घाणेरडा, किळस आणणारा. ‘रेस्टिव्ह’ म्हणजे निवांत नाही, तर अस्वस्थ आणि आवरायला कठीण. ‘पेडेस्ट्रिअन’मधला ‘पेड’ म्हणजे पद, पाय. पण ‘पेडॅगॉजी’मधला ‘पेड’ ग्रीकमधून आलेला आणि त्याचा अर्थ मूल. काही शब्दांचं मूळ बरोबर असूनही अर्थ उलटला आहे. ‘ग्रेक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये कळप. ‘ग्रिगेरिअस’ म्हणजे कळपात रमणारा, माणसांची आवड असलेला. ‘इग्रीजिअस’ म्हणजे कळपाबाहेर उठून दिसणारा. एके काळी तो कौतुकाचा शब्द होता, आज मात्र डोळ्यांत खुपणाऱ्या घोर चुकीसाठी वापरतात. म्हणून मुळावरून अंदाज बांधा, पण कोशात पाहिल्याशिवाय तो वहीत लिहू नका.

खूण: आवाजाची

मूळ सापडत नाही किंवा सापडूनही उपयोगी पडत नाही, तेव्हा आवाजाकडे वळायचं. इंग्रजी शब्दासारखा ऐकू येणारा मराठी शब्द शोधायचा आणि त्यातून असं चित्र उभं करायचं की ते अर्थापर्यंत नेईल. या पद्धतीचा कस अॅटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी 1975 मध्ये लावला. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना 120 रशियन शब्द शिकवले. आवाजाची खूण दिलेल्या गटाला अखेरच्या चाचणीत 72 टक्के शब्द आठवले, खूण न दिलेल्या गटाला 46 टक्के. सहा आठवड्यांनी न सांगता घेतलेल्या चाचणीत हे आकडे 43 आणि 28 वर आले. दोन गोष्टी यातून घ्यायच्या. खुणेचा फायदा खरा आहे, आणि उजळणी नसेल तर खूण असूनही निम्म्याहून जास्त शब्द निसटतात.

चांगली खूण कशी असते ते पाहू. ‘गलिबल’ म्हणजे कुणाच्याही बोलण्याला चटकन भुलणारा. मराठी शब्द ‘गळ’. गळाला लगेच लागतो तो गलिबल. इथे आवाज आणि अर्थ एकाच जागी येतात. ‘कॅकॉफनी’ म्हणजे कानाला त्रास देणारा गोंगाट. आठवा कावळ्यांची कावकाव. ‘गॅरुलस’ म्हणजे क्षुल्लक गोष्टींबद्दल लांबण लावणारा. त्याचं बोलणं एकाच विषयाभोवती गरगर फिरतं.

‘शिकेनरी’ म्हणजे शब्दांचे खेळ करून, कायद्याच्या पळवाटा काढून केलेली लबाडी. खूण अशी: अशिक्षित माणसाला जमणार नाही, शिकलेल्याचीच ही फसवणूक. आता उच्चाराचा मुद्दा लक्षात येईल. स्पेलिंगमधला ‘ch’ पाहून तुम्ही ‘चिकेनरी’ वाचत राहिलात तर ही खूण मिळणारच नाही.

वाईट खुणेचंही उदाहरण देतो. फ्रूगलसाठी ‘फुगा’ ही खूण पटकन सुचते. आवाज जुळतो, पण फुग्यातून काटकसर कशी आठवणार? उलट फुगणं, फुगवणं यातून उधळपट्टीच डोळ्यांसमोर येते. आवाज जुळला की खूण झाली असं समजू नका. चित्रातून अर्थ निघायला हवा. आणि खूण शक्यतो स्वतःची करा. दुसऱ्याने दिलेली खूण वाचताना मजेची वाटते, पण ती शोधताना झालेली धडपडच शब्द पक्का करते.

आणखी एक पथ्य. खऱ्या मुळाची खूण आणि मनाने जुळवलेली आवाजाची खूण वहीत वेगवेगळ्या रंगांत लिहा. ‘लोक्वेशस’ म्हणजे अतिबोलका. ‘लोक उठून गेले तरी बोलणारा’ अशी खूण करायला हरकत नाही, पण त्याचा ‘लोक’शी काहीही संबंध नाही. तो ‘बोलणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला, आणि ‘एलोक्वंट’, ‘सॉलिलोक्वी’, ‘कलोक्विअल’ त्याचेच नातलग. दोन रंग ठेवले की गल्लत होत नाही.

खूण: गोष्टीची

काही शब्दांना गोष्टच चिकटलेली असते. लॅकॉनिक हा शब्द लॅकोनियावरून आला. हा ग्रीसमधला स्पार्टाचा प्रदेश, आणि तिथले लोक मोजकं बोलण्यासाठी प्रसिद्ध. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने त्यांना धमकी पाठवली की मी जर लॅकोनियात शिरलो तर तुमचा पुरता नायनाट करीन. स्पार्टाने उलट निरोप धाडला, एकाच शब्दाचा: ‘जर.’ ही गोष्ट एकदा वाचली की लॅकॉनिकमधला ठसका वेगळा पाठ करावा लागत नाही. कोशात शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी दोन ओळी असतात, त्या वाचायची सवय ठेवा.

कार्ड कसं लिहायचं

एका शब्दाला एक कार्ड. पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द आणि मागे मराठी अर्थ ही नेहमीची रचना ओळखण्यापुरती ठीक आहे. बोलता-लिहिताना मात्र उलटी गरज असते, अर्थ मनात असतो आणि शब्द हवा असतो. म्हणून पुढच्या बाजूला वाक्य लिहा, शब्दाची जागा रिकामी ठेवा आणि खाली व्याख्येची एक ओळ द्या.

‘लुगूब्रिअस’चं कार्ड नमुन्यादाखल. पुढची बाजू: तुम्हाला वाचनात मिळालेलं इंग्रजी वाक्य, गाळलेल्या जागेसह. खाली लिहायचं: ‘चेहरा, आवाज किंवा संगीत, दुःखी, पण जरा जास्तच, दिसेल असं, चिन्ह उणे’. मागची बाजू: शब्द, आघात दुसऱ्या अक्षरावर म्हणजे ‘गू’वर, आणि खूण: लुगड्याचा पदर डोळ्यांना लावून सगळ्यांना दिसेल असं मुसमुसणं. खुणेत ‘सगळ्यांना दिसेल असं’ मुद्दाम आहे, कारण साध्या दुःखासाठी ‘सॅड’ आहेच. व्याख्येतला जो बारकावा या शब्दाला वेगळं करतो तोच चित्रात उतरला पाहिजे.

उजळणी

हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, नंतरच्या उजळण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. संगणकावर किंवा मोबाइलवर हेच काम ‘अँकी’ हे अॅप करतं. ते 2006 मध्ये पहिल्यांदा आलं आणि अंतरांचा हिशेब स्वतःच ठेवतं.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर चित्र उलटलं. न पाहता आठवून पाहणारे पुढे गेले. कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणा. आठवत नसेल तर दहा-पंधरा सेकंद मनाला ताण द्या, मगच मागे पाहा.

शब्दाची सोबत

‘मिटिगेट’, ‘अलीव्हिएट’ आणि ‘अस्वेज’ या तिन्हींचा अर्थ कमी करणं, हलकं करणं. पण धोका आणि दुष्परिणाम मिटिगेट होतात, वेदना आणि गरिबी अलीव्हिएट होते, अपराधीपणा आणि भीती अस्वेज होते. ही जोडी चुकली तर व्याकरण बरोबर असूनही वाक्य खटकतं. कोशातली उदाहरणं वाचताना प्रत्येक शब्दाचे दोन-तीन सोबती टिपा आणि तीच जोडी घेऊन स्वतःबद्दलचं खरं वाक्य लिहा. काल्पनिक रामा-गोविंदाबद्दल लिहिलेलं वाक्य विसरतं, तुमच्या कामाबद्दल किंवा घरच्या वादाबद्दल लिहिलेलं राहतं. आठवड्यातून एकदा त्या आठवड्याचे सगळे शब्द समोर ठेवा आणि एक परिच्छेद लिहा. त्यात चार-पाचच नैसर्गिकपणे बसतील. तेवढेच बसवा, बाकीचे ओढूनताणून आणू नका. जिथे साधा शब्द पुरतो तिथे साधाच वापरा.

कार्डांची छाटणी

काही आठवड्यांनी असं होतं की शब्द दिसताच अर्थ समोर येतो, मधलं चित्र येतच नाही. तेव्हा कार्डावरची खूण खोडा, फक्त शब्द आणि वाक्य ठेवा. पाचव्या कप्प्यातून दोनदा बिनचूक गेलेलं कार्ड पेटीतून काढून टाका. जे कार्ड पुन्हा पुन्हा पहिल्या कप्प्यात येतं त्याची व्याख्या आधी तपासा, खूण नंतर. बहुतेक वेळा ते जवळच्या दुसऱ्या शब्दात मिसळलेलं असतं, जसं ‘मिटिगेट’ आणि ‘मिलिटेट’. अशा वेळी दोन्ही शब्द एकाच कार्डावर समोरासमोर लिहा आणि फरक एका ओळीत मांडा. तरीही अडत असेल तर तो शब्द पेटीबाहेर ठेवा. वाचनात पुन्हा भेटला की नव्या वाक्यासह आणि नव्या खुणेसह पहिल्या कप्प्यात घाला.